वाटीचं प्रमाण ग्रॅममध्ये कसं आणायचं?

मुग्धा_नाशिक
नमस्कार मंडळी. सासूबाईंची पाककृतींची वही टाईप करायला घेतली आहे. घरातली पुढची पिढी पांगली. पुतणी ब्रिस्बेनला, भाचा न्यू जर्सीत, धाकटी नणंद बंगळुरूला. दिवाळी जवळ आली की सगळ्यांचा एकच प्रश्न: "वाटी म्हणजे केवढी गं?"

वहीत सगळं वाटी, फुलपात्र, पळी आणि चिमूट. मधूनच "पाऊण किलो गूळ" येतो. एका पानावर केक आहे, त्यात एक डबा कंडेन्स्ड मिल्क, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी लोणी. डबा ४०० ग्रॅमचा हे ठाऊक आहे, पण त्याच्यापुढची वाटी कोणती?

माझं मत असं की सगळंच्या सगळं ग्रॅममध्ये लिहावं, म्हणजे कुणी कुठेही करो, पदार्थ तोच होईल. पण नेटवर पाहिलं तर एक कप मैदा कुणी १२० ग्रॅम म्हणतं, कुणी १५०. कोणता तक्ता खरा मानायचा? तुम्ही कुणी हे काम केलंय का?

स्वराली
रुमाल टाकून ठेवते. मलाही हवंय हे.

अरुंधती
मुग्धा, आधी वहीचे दोन भाग कर. एक, ज्यात सगळंच वाटीत आहे. दुसरा, ज्यात वाटीबरोबर डबा, अंडं, पाकीट, किलो असं काहीतरी ठरीव मापाचं आहे. पहिल्या भागाला हातही लावू नकोस. एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध ही शंकरपाळी कुणी चहाच्या कपाने करो की आमटीच्या वाटीने, गुणोत्तर तेच राहतं. अट एकच, अथपासून इतिपर्यंत वाटी बदलायची नाही.

अडचण दुसऱ्या भागात आहे. डबा मोठा होत नाही की लहान होत नाही, वाटी होते. तुझा केक तिथे फसतो.

मुग्धा_नाशिक
अरुंधतीताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण शंकरपाळीच्या कृतीत पुढे "मैदा मावेल तेवढा" आहे! त्याचं काय करू?

शालिनी_दादर
काहीही करू नकोस. "मावेल तेवढा" हेच खरं प्रमाण आहे. मैदा नवा की जुना, हवा दमट की कोरडी, तूप पातळ की थिजलेलं, यावर तो कमी-जास्त लागणारच. तिथे ३५० ग्रॅम लिहिलंस तर ती पोरं ३५० ग्रॅम ओतून मोकळी होतील आणि हाताला काय लागतंय ते बघणारच नाहीत. आकडा दिला की बोटं विचार करायचं थांबवतात. मी सगळं ग्रॅममध्ये करण्याच्या पूर्ण विरोधात आहे.

तन्वी_ठाणे
शालिनीताई, आदर ठेवून असहमत. मी घरून ब्रेड आणि केकच्या ऑर्डरी घेते. वजनकाट्याशिवाय एक दिवस चालणार नाही.

मुग्धाताई, १२० आणि १५० दोन्ही खरे आहेत, गंमत तीच आहे. मैदा डब्यात चमच्याने हलवून मोकळा केला, चमच्याचमच्याने कपात घातला आणि वर सुरी फिरवून सपाट केला तर २४० मिलीच्या कपात १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप थेट डब्यात खुपसून काढला तर १४०-१५० वर जातो. कप ओट्यावर आपटला तर आणखी. मैदा तोच, कप तोच, फरक फक्त भरण्याचा. म्हणजे चार कपांच्या ब्रेडमध्ये शंभरेक ग्रॅम मैदा जास्त पडू शकतो, आणि पाणी तेवढंच. मग पाव दगडासारखा होतो.

साखरेत ही भानगड नाही. ती कशीही भरा, २०० ग्रॅमच्या आसपासच येते, कारण कण दाबला जात नाही.

नचिकेत
तन्वी म्हणते त्यामागचं कारण सांगतो. वाटीत आपण नुसतं पीठ मोजत नाही, पिठातली हवाही मोजतो. गिरणीतून आणलेली गरम कणीक फुललेली असते, डब्यात आठवडाभर राहिली की बसते. पाणी, दूध, तेल, तूप यांत हवा नाही, म्हणून तिथे मिलीचे ग्रॅम करणं बिनचूक जमतं. पाणी एका मिलीला एक ग्रॅम. तेल हलकं, पिशवीवरच छापलेलं असतं: १ लीटर, ९१० ग्रॅम. तूपही तसंच, ९०५ ते ९१०. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, लीटरला साधारण १०३० ग्रॅम. मध फार जड, एका मिलीला १.४ ग्रॅम.

म्हणून "१ वाटी = १५० ग्रॅम" असं सरसकट कुठे दिसलं तर तो तक्ता बंद करा. तो फक्त पाण्यापुरता खरा आहे.

मुग्धा_नाशिक
नचिकेत, मग माझी वाटी किती मिलीची ते कसं काढू? घरात मोजपात्र नाही.

नचिकेत
काटा आहे ना? वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, पाणी काठोकाठ भरा. जितके ग्रॅम तितके मिली. आमटीची नेहमीची स्टीलची वाटी १५० च्या आसपास येईल, पण भांडी घरागणिक वेगळी. सासूबाई जी वाटी वापरायच्या तीच घ्या, नवी नको.

काट्यावर भरवसा नसेल तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा, त्या दोन धातूंच्या नाण्याचं वजन सुमारे ७.७ ग्रॅम आहे, म्हणजे एकूण ७७ च्या जवळपास यायला हवं. काटा सपाट जागी ठेवा, गॅसच्या शेगडीपासून लांब.

विनायक_सांगली
हा विषय निघालाच आहे तर जुन्या मापांचं लिहितो. थोडं अवांतर होईल, पण अगदीच बाहेरचं नाही.

आमच्या घरी धान्य वजनावर कधी आलं नाही, मापावर यायचं. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळी दुप्पट-चौपट चढत जाणारी, त्यामुळे निम्मं आणि चौथाई करायला शाळेत जावं लागत नसे. पायलीच्या पुढे मण आणि खंडी, पण तिथे मुलखागणिक फरक. पायलीही गावोगाव सारखी नसायची, बाजारात माल घेणारा आधी पायली कुठली ते विचारायचा.

आता मजा बघा. शेर मापाचाही होता आणि वजनाचाही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाच्या शेरात ज्वारी भरली तर एक वजन, पोहे भरले तर दुसरं. तुम्ही आज वाटी आणि ग्रॅम यांत अडकलाय तेच कोडं आमच्या आजोबांना पडायचं. आणि माप सपाट की शिगेचं, म्हणजे काठावर ढीग ठेवून भरलेलं, हा वेगळा वाद. गड्याला बैतं, म्हणजे कामाच्या मोबदल्याचं धान्य, देताना शीग लावूनच द्यायची, हात फिरवून सपाट माप देणं कमीपणाचं मानत.

१९५६ मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलो बाजारात यायला लागले आणि १९६२ पासून ते सक्तीचे झाले. पण गावाकडे ज्वारी-बाजरीला पायली अजूनही ऐकू येते.

स्वराली
काका, शिगेची वाटी आमच्या आजीच्या पाककृतींत पण आहे! "शिगोशीग एक वाटी रवा." आता कळलं.

विनायक_सांगली
मग ती वाटी भरून, वर डोंगर होऊ देऊन, तशीच काट्यावर ठेव. शिगेत किती जास्त मावतं ते समजेल. पसरट वाटीची शीग मोठी, उभ्या फुलपात्राची लहान, कारण तोंडाचा घेर वेगळा.

सायली_ब्रिस्बेन
मुग्धाताई, तुमच्या पुतणीच्याच शहरातून लिहितेय. तिला आवर्जून सांगा, इथला कप २५० मिलीचा. अमेरिकेतला साधारण २४०. हा फरक फार नाही, घरच्या रांधपात खपून जातो. चमच्याचा फरक मात्र नडतो. जगभर मोठा चमचा १५ मिलीचा धरतात, ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. अमेरिकन कृती घेऊन इथल्या चमच्याने बेकिंग पावडर घातली की एक तृतीयांश जास्त पडते. केक आधी टम्म फुगतो आणि मग मधे बसतो. लहान चमचा सगळीकडे ५ मिलीचा, म्हणून मी मोठ्या चमच्याऐवजी "तीन लहान चमचे" असंच लिहून ठेवते.

जयू_न्यूजर्सी
भाच्यासाठी माझीही भर. राईस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो १८० मिलीचा असतो, जपानी मापाचा. कुकरच्या आतल्या रेघा त्याच कपाच्या. इथे नवीन आलेली मुलं तो हरवतात, २४० च्या कपाने तांदूळ घेतात, पाणी मात्र आतल्या रेघेप्रमाणे भरतात, आणि भात कडक राहिला की तांदळाला दोष देतात. तो कप हरवला असेल तर अमेरिकन कपाचा पाऊण घ्यायचा, झालं.

मोहन_चिंचवड
चिमूट कुणाची धरायची तेही ठरवा बुवा. आमच्या घरात माझी चिमूट म्हणजे बायकोचा अर्धा चमचा!

तन्वी_ठाणे
मोहनदादा 😄 तरी चिमूट आणि पाव चमचा मी काट्यावर नेतच नाही. घरगुती काटा एकेका ग्रॅमने सरकतो. पाव चमचा सोडा जेमतेम सव्वा ग्रॅम, तिथे काटा एक दाखवेल नाहीतर दोन, आणि हळूहळू चिमटीने टाकत राहिलं तर कित्येक काटे जागचे हलतसुद्धा नाहीत. सोडा, बेकिंग पावडर, मीठ, वेलची, हळद यांना मोजचमचाच बरा. यीस्ट बहुतेक ठिकाणी ७ ग्रॅमच्या पुड्यांत मिळतं, ती पुडी म्हणजे सव्वादोन लहान चमचे.

रेणुका_कोल्हापूर
मी पुरणाचा विषय काढते, त्यावर तर आमच्या घरात दरवर्षी वाद. सासरी "किलोला किलो". माहेरी "वाटीला वाटी". दोघींचं म्हणणं, आमचंच बरोबर. पोळी सासरची जास्त गोड असते हे मात्र खरं.

अरुंधती
रेणुका, दोघी बरोबर आहेत, कारण दोन्ही प्रमाणं एकच नाहीत. तुझा प्रतिसाद वाचून आत्ता मोजलं. माझ्या वाटीत हरभरा डाळ १२५ ग्रॅम भरली. बारीक चिरलेला गूळ सैल भरला तर ९५, अंगठ्याने दाबून भरला तर १३०. सैल भरणाऱ्या माहेरी डाळीच्या पाऊणपटच गूळ पडतो. सासरी वजनाला वजन, म्हणजे पूर्ण. दाबून भरणाऱ्या बाईची वाटी थेट तुझ्या सासरी येऊन पोचते!

गूळ, नारळाचा चव, खवा, कोथिंबीर असल्या दबणाऱ्या जिनसांना वहीत "दाबून" की "सैल" हा एक शब्द लिहिलाच पाहिजे.

रेणुका_कोल्हापूर
हे मी प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे. इतकी वर्षं दोघी एकमेकींना कंजूष आणि उधळी म्हणत होत्या.

कल्पना_बारामती
आमच्या बचत गटाची भाजणी असते, चकलीची आणि थालीपिठाची. आम्हाला वाटी परवडतच नाही. पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं, शिवाय गटातल्या दहा जणींच्या दहा वाट्या. म्हणून तांदूळ एक किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, असं बांधलेलं आहे.

पण एक निरीक्षण सांगते. ज्या बायका हेच चाराला दोन आणि दोनाला एक असं वाट्यांनी करतात, त्यांची भाजणी आमच्यासारखीच होते. कारण तांदूळ आणि डाळी वाटीत साधारण सारख्याच वजनाच्या भरतात. फसतात ते पोहे आणि धणे. हलका माल. पाव किलो पोहे आणि पाव किलो तांदूळ शेजारी ठेवून बघा, पोह्यांचा ढीग कितीतरी मोठा. थालीपिठाच्या भाजणीत कुणी "पाव वाटी धणे" याचे "पाव किलोच्या हिशेबाने" करायला गेलं तर तोंडात धण्याखेरीज दुसरी चव राहत नाही.

आणखी एक, भाजल्यावर वजन घटतं, ओलावा जातो. गिरणीतही थोडं राहतं. म्हणून वजन कच्च्या मालाचं की तयार भाजणीचं, ते लिहा.

शालिनी_दादर
कल्पना, तुमचं पटतं, धंद्यात वजन हवंच. पण घरात? उकडीचे मोदक घ्या. एक वाटी पिठी, एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. पिढ्यान् पिढ्या चाललंय. याचे ग्रॅम करून कुणाचं भलं होणार?

नचिकेत
शालिनीताई, मोदकाबाबत तुमच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारणही आकड्यातच आहे. तांदळाची पिठी २४० मिलीच्या कपात दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते, पाणी २४० ग्रॅम. म्हणजे वाटीला वाटी याचा वजनातला अर्थ पिठीच्या दीडपटीहून जास्त पाणी. परदेशातल्या कुणी "सारखंच घ्यायचं" एवढंच ऐकून दोन्ही दोनशे-दोनशे ग्रॅम मोजलं तर उकड कोरडी होणार, पारी वळताना कडा फाटणार. तेव्हा "समप्रमाण" हा शब्द आला की समान आकारमान की समान वजन, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शालिनी_दादर
हे मात्र चांगलं सांगितलंत. माझी भाची टोरोंटोत नेमकी याच तक्रारीने फोन करते, "मावशी, पारी फाटते." ती काट्यावर करते का ते विचारते आज.

शर्वाणी_म्हापसा
गोव्याकडून नमस्कार. आमच्याकडे तर नारळ हेच माप. बिबिंकाच्या, म्हणजे आमच्या थराथरांच्या केकच्या, कृतीत अमुक नारळांचं दूध आणि इतक्या अंड्यांचा बलक. दोदोलला, म्हणजे आमच्या हलव्याला, तांदळाचं पीठ, माडाचा गूळ आणि पुन्हा नारळाचं दूध. नारळ कधी मुठीएवढा, कधी डोक्याएवढा! शिवाय पहिलं दूध दाट, दुसरं पातळ, काढणारीच्या हाताच्या जोरावर सगळं.

मी आईकडून उतरवून घेताना असं केलं: तिने नेहमीसारखं दूध काढलं, मी पातेल्यात ओतायच्या आधी मोजलं आणि मिली लिहिले, दाट वेगळं, पातळ वेगळं. नारळांची संख्या कंसात ठेवली. अंड्याला सोललेलं ५० ग्रॅम धरते, मोठं असेल तर. पण बिबिंकाचा थर ओतण्याइतपत पातळ झाला का, हे आई पळी बुडवून, पाठीमागे पीठ कसं धरतं ते बघून ठरवते. तेही शब्दांत लिहून घेतलं.

मुग्धा, सासूबाई करताना शेजारी काटा घेऊन उभी राहू शकशील का?

मुग्धा_नाशिक
शर्वाणी, सासूबाई आता ओट्याशी फार वेळ उभ्या राहत नाहीत, पण खुर्चीवर बसून सांगतात आणि वाटी कशी भरायची ते हातात घेऊन दाखवतात. काल मुद्दाम रवा भरायला दिला. त्यांनी वाटी डब्यात तिरकी घातली, वर आली तशी अंगठ्याच्या बाजूने एकदाच पुसली आणि माझ्याकडे दिली. तीनदा भरून घेतली. १०३, १०५, १०४. मी भरली तर एकदा ९६, एकदा ११०.

तन्वी_ठाणे
काय हात आहे! रव्याला तर ही वाटी चोख बसते, १५० मिलीला शंभरच्या जरा वर यायलाच हवा.

विनायक_सांगली
मुग्धाताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हे तीन आकडे वहीत जसेच्या तसे लिहून ठेवा.

शालिनी_दादर
मी म्हणते ते हेच. काटा त्या हातात आहे.

मुग्धा_नाशिक
शालिनीताई, अगदी खरं. पण तो हात नाशिकला आहे आणि पुतणी ब्रिस्बेनला. तिने ती वाटी पाहिलेलीही नाही. तिला मी आकडा नाही दिला तर तिच्याकडे काहीच नाही. आकडा देईन आणि शेजारी खूण लिहीन, "गोळा हाताला चिकटायचा थांबला की मैदा थांबवायचा", अशी. चालेल?

शालिनी_दादर
चालेल. खूण आधी लिही, आकडा नंतर.

स्नेहल_पुणे
पिठीसाखरेबद्दल कुणी बोललंच नाही! बेसनाच्या लाडवात सगळ्यात जास्त गोंधळ तिथे. साखर दळली की फुगते. कपभर साखर २०० ग्रॅम, कपभर पिठीसाखर ११५-१२०. एक वाटी साखर दळली तर दीड वाटीच्या वर पिठी होते. कृतीत "एक वाटी पिठीसाखर" असताना एक वाटी साखर मोजून मग दळून सगळी घातली तर लाडू गोड मिट्ट. उलट केलं तर अळणी. "साखर दळून एक वाटी" आणि "एक वाटी साखर दळून" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बेसनही तसंच, चाळलेलं कपाला ९०-१००, डब्यात बसलेलं ११०-१२०. आणि तूप थिजलेलं मोजलं की पातळ, तेही लिहा. थिजलेल्या तुपाच्या वाटीत पोकळ्या राहतात.

स्वराली
वाचनखूण साठवली आहे. कुणीतरी सगळे आकडे एकत्र द्या ना.

नचिकेत
२४० मिलीच्या कपाला, सैल भरून सपाट केलेलं, ग्रॅममध्ये: मैदा १२० ते १२५, कणीक १२० ते १३०, बारीक रवा १६५ ते १७५, चाळलेलं बेसन ९० ते १००, तांदळाची पिठी १५० ते १६०, साखर २००, पिठीसाखर ११५ ते १२०, तांदूळ १८५ ते २००, हरभरा डाळ साधारण २००, तेल किंवा पातळ तूप २१८, दूध २४७, मध ३४०. वाटी १५० मिलीची असेल तर प्रत्येक आकडा आठाने भागून पाचाने गुणा. साखर १२५, मैदा ७५.

पण मुग्धाताईंनी हे आकडे वहीत उतरवू नयेत. हे पडताळ्यासाठी. वहीत सासूबाईंच्या भरण्याचे आकडे यावेत, ते वेगळे येतील आणि तेच त्या पदार्थांचे खरे आहेत. फार तफावत दिसली, म्हणजे समजा मैदा वाटीला १२० आला, तर मोजण्यात गडबड असेल किंवा वाटी दुसरीच असेल.

मुग्धा_नाशिक
ठरलं मग. शंकरपाळी, मोदक, भाजणी, सांजा तसेच वाटीत ठेवते, वर "एकच वाटी वापरा" असं ठळक लिहून. केक, नानकटाई आणि डब्याबरोबरचे सगळे पदार्थ ग्रॅममध्ये. दबणाऱ्या वस्तूंना सैल किंवा दाबून. सोडा आणि मीठ लहान चमच्यात. केक आज करून पाहिला, सासूबाईंच्या दोन वाट्या मैदा १६५ ग्रॅम भरला. मी इतकी वर्षं अमेरिकन कप धरत होते म्हणजे २४० ग्रॅमच्या पुढे. तरीच कोरडा व्हायचा.

प्राची_रत्नागिरी
उशिरा आले. मुग्धाताई, लोणच्याचं पान आहे का वहीत? तिथे मिठाला चमचा-वाटी नका ठेवू. बारीक मीठ आणि खडेमीठ यांत फार फरक पडतो. बारीक मिठाचा लहान चमचा ६ ग्रॅम, खड्यांचा खडा जेवढा मोठा तेवढा कमी. जुन्या वह्यांत वाटी असते ती खडेमिठाची, त्या वेळी तेच घरात असायचं. आज कुणी पिशवीतलं बारीक मीठ वाटीभर घालेल तर लोणचं खारट. आणि मग पुढच्या वर्षी घाबरून कमी घालेल तर बुरशी.

मुग्धा_नाशिक
आहे ना, कैरीचं. "फोडी दोन पायल्या, मीठ पाच वाट्या." आता पायली कोणती ते शोधू?

विनायक_सांगली
शोधू नका, सापडणार नाही. फोडी वजनावर घ्या.

प्राची_रत्नागिरी
हो. आम्ही पुसून कोरड्या केलेल्या एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ घेतो, मोहरीची डाळ, हळद, हिंग, तिखट आपल्या चवीने. मीठ वजनावर घेतलं की बारीक असो की खडे, तेवढंच पडतं. खडे असेल तर कोरडं भाजून, कुटून घ्यायचं. फोडींचं वजन कोय काढल्यावरचं धरायचं, आख्ख्या कैरीचं नाही. सासूबाईंना विचारा, त्यांच्या पायलीत साधारण किती कैऱ्या बसायच्या, म्हणजे तुमचं मीठ आमच्यापेक्षा कमी होतं की जास्त, त्याचा अंदाज येईल.

मुग्धा_नाशिक
विचारलं. म्हणाल्या, "कैऱ्या मोजायचो नाही गं, पण बरणी आहे अजून माळ्यावर." उद्या बरणी उतरवून पाण्याने मोजते आणि इथे लिहिते.